उताराच्या बागेत तळ्याशिवायचा धबधबा आणि ओढा: कुदळ मारण्याआधी काय काय ठरवायचं

बागेला मुळातच उतार असेल तर वाहत्या पाण्याचं निम्मं काम जमिनीनेच करून ठेवलेलं असतं. सपाट बागेत धबधब्यासाठी मातीचा ढीग रचावा लागतो आणि कितीही दगड लावले तरी तो ढीगच दिसतो. उतारावर ती अडचण नाही. पण हाच उतार पाणी भलत्या बाजूने बाहेर काढतो, सैल माती खाली ओढतो आणि खड्ड्याची क्षमता गुपचूप कमी करतो. त्यामुळे इथे खोदकामापेक्षा आधीची आखणी महत्त्वाची.

तळ्याशिवायचा धबधबा म्हणजे काय ते आधी स्पष्ट करतो. पाणी वरून टप्प्याटप्प्याने खाली येतं आणि शेवटी खडीत शिरून दिसेनासं होतं. त्या खडीखाली लायनर (पाणी झिरपू न देणारं रबरी अस्तर) घातलेला खड्डा, म्हणजे आपली टाकी असते. टाकीतला पंप तेच पाणी पाइपातून पुन्हा वर चढवतो. उघडं, खोल पाणी कुठेच नसतं, म्हणून लहान मुलं असलेल्या घरासाठी मला हाच प्रकार सर्वांत योग्य वाटतो. शिवाय मासे नसल्यामुळे पंप अधूनमधून बंद ठेवता येतो.

बहुतेक जण वरचा धबधबा डोळ्यासमोर आणून कामाला लागतात आणि टाकी उरलेल्या जागेत कशीबशी बसवतात. माझं सांगणं आहे की आखणी खालून वर करा. टाकीत किती पाणी मावतं यावर ओढ्याची लांबी-रुंदी ठरते, त्यावर पंप ठरतो आणि पंपावर धबधबा.

१. जागा ठरवा, उतार मोजा

तुम्ही बसता कुठे, ते पाहा. ओढा बहुतेक वेळा एकाच जागेवरून पाहिला जातो: व्हरांडा, खिडकी किंवा बागेतला बाक. पाण्याची सर्वांत मोठी उडी त्या जागेकडे तोंड करून हवी. तिथे खुर्ची टाकून बसा आणि कुणाला तरी काठी घेऊन उतारावरून हळूहळू खाली चालायला सांगा. काठी कुठे दिसते, कुठे झुडपाआड जाते हे कळलं की वळणं कुठे घ्यायची ते सुचत जातं.

नुसत्या नजरेने उताराचा अंदाज येत नाही. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप आणा, त्यात पाणी भरा आणि आतला प्रत्येक बुडबुडा काढा, कारण एक बुडबुडा राहिला तरी माप चुकतं. एक टोक वरच्या खुंटीला, दुसरं खालच्या खुंटीला धरा. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला स्थिरावलं की तिथून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे उतार. ओढ्याच्या मार्गावर दर मीटरला हे माप घेऊन कागदावर मांडा. पुढची सगळी गणितं याच कागदावरून होतील. या लेखात मी एकच उदाहरण शेवटपर्यंत वापरतो: ओढा ६ मीटर लांब, सरासरी ६० सेंमी रुंद, वरून खालपर्यंतचा उतार १.२ मीटर.

पावसाचं पाणी आधीच ज्या घळीतून धावतं तिथेच ओढा काढावासा वाटतो. ते टाळा. पावसाचं पाणी माती, पालापाचोळा आणि झाडांना घातलेलं खत घेऊन उतरतं, आणि एकदा खडीच्या पोकळ्यांत गाळ बसला की सगळी खडी उपसून धुण्याशिवाय मार्ग उरत नाही. ओढा घळीपासून बाजूला घ्या आणि वरच्या अंगाला उथळ चर काढून पावसाचं पाणी वळवा.

घराच्या पायाजवळ, आधारभिंतीच्या डोक्यावर किंवा मोठ्या झाडाच्या मुळांत खोदू नका. जमिनीखालून वीज, पाणी, सांडपाणी किंवा गॅसची लाइन जाते का, हे नकाशा पाहून किंवा संबंधित विभागाला विचारून खात्री करा. सोसायटीची किंवा स्थानिक प्रशासनाची परवानगी लागत असेल तर ती आधी लेखी घ्या. उतार फार तीव्र असेल किंवा तिथली माती पूर्वी कधी घसरली असेल, तर स्थापत्य अभियंत्याला जागा दाखवल्याशिवाय पुढे जाऊच नका. लायनर फाटून उतारात पाणी मुरत राहिलं तर नुकसान फक्त बागेपुरतं राहत नाही.

२. पाण्याचा हिशेब

पंप सुरू झाला की टाकीतलं काही पाणी वर जाऊन ओढ्याच्या पात्रात पसरतं आणि टाकीची पातळी उतरते. पंप थांबला की ते पाणी परत खाली येतं. पातळी उतरली तरी पंप उघडा पडता कामा नये, आणि पाणी परत आलं तरी टाकी ओसंडता कामा नये. टाकीचं गणित या दोन अटींचंच आहे.

वाहतं पाणी = लांबी × रुंदी × पाण्याची खोली. आपल्या उदाहरणात खोली ५ सेंमी धरली तर ६ × ०.६ × ०.०५ = ०.१८ घनमीटर, म्हणजे १८० लिटर. पाइप आणि वरची पेटी (पाइपातलं पाणी जिच्यातून ओढ्यात पडतं ती) धरून २०० लिटर समजा.

टाकीत याच्या तिप्पट पाणी मावलं पाहिजे, म्हणजे ६०० लिटर. दुप्पट चालेल असंही सांगितलं जातं, पण मी तिप्पटच धरतो. कारण असं: २०० लिटर वर गेलं, तळाचे काही सेंटिमीटर पंपाला ओढता येत नाहीत, आणि उरलेल्यातून बाष्पीभवन चालूच असतं. दिवसाला ५ मिमी पाणी उडालं तर ३.६ चौरस मीटरच्या पात्रातून रोज १८ लिटर जातं, शिंतोडे वेगळेच. आठवडाभर लक्ष दिलं नाही तर सव्वाशे लिटर गेलेलं असतं. टाकी लहान असेल तर तेवढ्यात पंप कोरडा चालून जळतो.

ओढ्यातल्या लहान डोहांत पंप बंद झाल्यावरही जे पाणी थांबतं, ते या हिशेबात धरू नका. ते पहिल्यांदा भरताना एकदाच लागतं.

३. टाकीचा खड्डा

खड्डा खडीने भरला तर त्यात पाण्याला सगळी जागा मिळत नाही. एकसारख्या, धुतलेल्या खडीत पोकळी साधारण ४० टक्के असते. म्हणून ६०० लिटर पाण्यासाठी खड्डा ६०० ÷ ०.४ = १५०० लिटरचा, म्हणजे दीड घनमीटरचा हवा: १.६ × १.२ × ०.८ मीटर. तेवढ्या खडीचं वजन दोन टनांहून जास्त भरतं. ती उतारावरून कशी नेणार, तेही आत्ताच ठरवा. दुसरा पर्याय म्हणजे पोकळ प्लास्टिकचे भार पेलणारे ब्लॉक. त्यांत ९५ टक्क्यांच्या आसपास जागा पाण्याला मिळते, त्यामुळे ०.६३ घनमीटरचा खड्डा पुरतो. जमीन खडकाळ असेल तर ब्लॉकच घ्या. खोदकाम निम्म्याहून कमी होतं.

उतारावर एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. खड्ड्यात पाणी किती मावेल हे त्याचा सर्वांत खालचा काठ ठरवतो. आपला उतार ६ मीटरला १.२ मीटर, म्हणजे दर मीटरला २० सेंमी आहे. १.६ मीटरची लांब बाजू उताराच्या दिशेने ठेवली तर वरच्या आणि खालच्या काठात ३२ सेंमी फरक पडतो. तीच बाजू उताराला आडवी ठेवली तर २४ सेंमी. दोन्ही परिस्थितींत आधी उतार कापून एक सपाट ओटा करून घ्या आणि ०.८ मीटर खोली त्या ओट्यापासून मोजा. खालचा काठ सैल माती चढवून उंच करू नका. ती दबते, काठ दोन-तीन सेंमी बसतो आणि पाणी तिथूनच बाहेर जातं. खालची बाजू न खोदलेल्या, मूळच्या घट्ट जमिनीत असू द्या.

काठाच्या ५ सेंमी खाली सांडव्याचा पाइप ठेवा आणि त्याचं तोंड घराच्या पायापासून व शेजाऱ्याच्या हद्दीपासून दूर काढा. खोदताना खड्ड्यात आपोआप पाणी साठू लागलं तर भूजल वर आहे असं समजा. ते लायनर खालून उचलतं, तेव्हा जागा बदललेली बरी.

४. प्रवाह, पाइप, पंप

ज्या दगडावरून पाणी पडणार, त्याच्या रुंदीच्या दर सेंटिमीटरमागे तासाला १५० लिटर सोडलं तर पातळ पडदा मिळतो; २२५ लिटर सोडलं तर भरीव धार. ३० सेंमी रुंदीला हे ४५०० ते ६७५० लिटर होतं. आपण ताशी ६००० लिटर धरू.

पंपाच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेला आकडा शून्य उंचीचा असतो. तुम्हाला हवा तो हेडचा आकडा. हेड म्हणजे पंपाला पाणी एकूण किती उंच ढकलावं लागतं ते माप; पाइपातला अडथळाही त्यात उंची म्हणूनच धरतात. हेड असं काढा: टाकीच्या तळापासून वरच्या तोंडापर्यंत ०.८ + १.२ = २ मीटर; त्यात पाइपातलं घर्षण मिळवा; वळणं आणि व्हॉल्व्हसाठी अर्धा मीटर मिळवा.

काटकसर पाइपवर करू नका. ताशी ६००० लिटर पाणी ५० मिमी आतल्या व्यासाच्या पाइपातून नेलं तर १० मीटरमध्ये घर्षणाने जेमतेम १५ सेंमी हेड जातं. ४० मिमीत अर्धा मीटर. २५ मिमीत तब्बल साडेचार मीटर, म्हणजे प्रत्यक्ष चढावाच्या दुपटीहून जास्त! व्यास निम्मा झाला की घर्षण जवळपास ३० पट वाढतं. आपल्या उदाहरणात ४० मिमीचा पाइप चालेल: २ + ०.५ + ०.५ = ३ मीटर. दुकानात विचारायचा प्रश्न मग एकच: "३ मीटर हेडला ताशी ६००० लिटर देणारा पंप कोणता?" उत्तर पंपाच्या आलेखावर बोट ठेवून मिळालं पाहिजे.

थोडा जास्त क्षमतेचा पंप घेऊन बाहेर जाणाऱ्या पाइपवर व्हॉल्व्ह लावला तर प्रवाह मनासारखा कमी-जास्त करता येतो. आत घेणारी बाजू मात्र कधीही आवळू नका. विजेचाही विचार करा: १५० वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर रोज ३.६ युनिट खर्च होतात.

५. पाण्याचे टप्पे आणि आवाज

१.२ मीटरची एकच उडी घेऊ नका. शिंतोडे फार उडतात आणि ओढ्याला उतारच उरत नाही. मी अशी वाटणी करेन: वरची उडी ४५ सेंमी, मग २५, २० आणि १५. हे १०५ सेंमी झाले. उरलेले १५ सेंमी सहा मीटरच्या पात्रात वाटले की मीटरला अडीच सेंमी ढाळ मिळतो, आणि पाणी सुरेख वाहतं. प्रत्येक उडीखाली १५ ते २० सेंमी खोल डोह ठेवा.

आवाज ही या कामातली सर्वांत आनंदाची गोष्ट, आणि तो आधी ऐकता येतो. एक चपटा दगड आणि पाण्याने भरलेलं घमेलं घ्या. बागेची नळी ४५ सेंमीवरून आधी दगडावर सोडा, मग घमेल्यात. दगडावर चटचट असा कोरडा आवाज येतो, घमेल्यात खोल, भरलेला. मग उंची २० सेंमी करा आणि पुन्हा ऐका. हे तुमच्या बसण्याच्या जागेवरून ऐका, नळीजवळ उभं राहून नव्हे. झोपायची खोली जवळ असेल तर मोठी उडी दगडावर पाडू नका. रात्री तो आवाज फार मोठा वाटतो.

वळणांना कारण दिसू द्या. ओढा वळतो कारण समोर काही आडवं आलेलं असतं. वळणाच्या बाहेरच्या बाजूला मोठा धोंडा बसवला की वळण खरं वाटतं.

६. साहित्य आणि हत्यारं

- ईपीडीएम रबरचं लायनर, साधारण १ मिमी जाड. मोठ्या तळ्यांना अंथरतात तो एचडीपीई कागद कडक असतो, ओढ्याच्या वळणांत नीट बसत नाही.
- लायनरखाली अंथरायला जिओटेक्स्टाइल कापड, तेवढ्याच मापाचं आणि थोडं जास्त
- पंप, भोकांची पंपपेटी, पाइप, चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा), युनियन (पाइप सहज उघडता येणारा जोड), प्रवाहाचा व्हॉल्व्ह
- वरची पाणी सोडणारी पेटी
- ३ ते ५ सेंमी आकाराची धुतलेली खडी, वर पसरायला लहान गोटे, मोठे आणि मध्यम दगड
- धबधब्यासाठी मिळणारा काळा फोम, हातमोजे
- कुदळ, पहार, फावडं, घमेली, धुम्मस, पाणसळ, लेव्हल पाइप, सुतळी, चुना

टाकीच्या लायनरचं माप: लांबी + दोन वेळा खोली + दोन्हीकडे ३० सेंमी. म्हणजे १.६ + १.६ + ०.६ = ३.८ मीटर, रुंदीला १.२ + १.६ + ०.६ = ३.४ मीटर. ओढ्याचं लायनर मात्र कागदावरच्या मापाने आणू नका. पात्र खोदून झालं की त्यात सुतळी सैल सोडा, प्रत्येक उडीवरून आणि डोहातून जमिनीला टेकवत न्या, आणि मग मोजा. सहा मीटरच्या ओढ्याला नऊ मीटरच्या आसपास लायनर सहज लागतं.

७. खोदकाम आणि लायनर

चुन्याने आखा, मग आधी टाकी खोदा, मग खालून वर ओढा. निघालेल्या मातीने ओढ्याचे काठ आणि वरचा उंचवटा तयार होतो, पण ती १५-१५ सेंमीच्या थरांत, किंचित ओली करून धुम्मसाने ठोका.

पात्राचे दोन्ही काठ समोरासमोर एका पातळीत हवेत. ओढा उताराला तिरका जात असेल तर खालच्या बाजूचा काठ नेहमी कमी भरतो. दर अर्ध्या मीटरला आडवी फळी ठेवून त्यावर पाणसळ लावा. काठ वाहत्या पाण्याच्या वर किमान ८ ते १० सेंमी राहिला पाहिजे.

मुळं, टोकदार खडे काढा, कापड अंथरा, मग लायनर. उन्हात तासभर पसरून ठेवलं तर रबर मऊ पडतं आणि घड्या नीट बसतात. जोड आला तर कौलांसारखा: वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर यायला हवा. ओढ्याच्या लायनरचं खालचं टोक टाकीच्या काठावरून आत उतरू द्या. उताराच्या बाजूला पाइपसाठी वेगळा चर खणा. पाइप लायनरखालून नेऊ नका, कारण पुढे तो दुरुस्त करायला सगळे दगड काढावे लागतील.

पंपपेटी टाकीच्या सर्वांत खोल जागी उभी करा आणि तिचं झाकण वरून हाताला येईल असं ठेवा. त्यावर एक चपटा दगड पुरे.

८. दगड आणि फोम

मोठे दगड आधी, मध्यम नंतर, खडी सर्वांत शेवटी. ४० सेंमी व्यासाचा गोलसर धोंडा ८५-९० किलोचा भरतो, तेव्हा दोघांनी पहारीने सरकवावा, एकट्याने उचलू नये. प्रत्येक मोठ्या दगडाखाली लायनरचा उरलेला तुकडा किंवा कापडाचे दोन थर घाला. दगड नुसते वर ठेवलेले दिसू नयेत म्हणून त्यांचा तिसरा हिस्सा जमिनीत बसवा.

ज्या दगडावरून पाणी पडणार त्याची पुढची कड धारदार हवी. कड गोल असेल तर पाणी दगडाला चिकटून मागे वळतं आणि खालून ओघळतं. धार पडतच नाही. हा दगड मागच्या दगडांच्या पुढे चार-पाच सेंमी काढा आणि आडवा पाणसळीत बसवा, नाहीतर सगळं पाणी एका कोपऱ्यातून जातं.

दगडांमधल्या फटी फोमने भरल्या नाहीत तर पाणी दगडांखालून निघून जातं आणि वरून ओढा कोरडा दिसतो. दगड धुवून किंचित ओले ठेवा, कारण हा फोम ओलाव्याने घट्ट होतो. थोडाच सोडा, तो फुगतो आणि हलका दगड उचलून टाकतो. ओला असतानाच त्यावर वाळू, बारीक खडी दाबली की दिसेनासा होतो.

९. वीज

हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), पावसापासून सुरक्षित सॉकेट, केबल स्वतंत्र नळीतून, आणि पाण्यात किंवा जमिनीत कुठेही जोड नको. पंपपेटीत हात घालण्याआधी प्लग काढायचा, दरवेळी.

१०. पहिली चाचणी आणि गळतीचा शोध

टाकी भरा, पंप लावा, आणि काठांवरच्या लायनरला अजून कात्री लावू नका. पहिलं पाणी गढूळ असेल. ते उपसून दुसरं भरा. डोह भरले की टाकीची पातळी उतरून स्थिर होईल. तिथे खूण करा आणि दुसऱ्या दिवशी पाहा.

पातळी बाष्पीभवनापेक्षा जास्त उतरत असेल तर पंप बंद करा, टाकी सांडव्याच्या पाइपापर्यंत भरा आणि चोवीस तास थांबा. पातळी टिकली तर टाकी चांगली आहे, दोष ओढ्यात आहे. मग पंप चालू असताना काठाकाठाने चालत ओली माती शोधा. बहुतेक वेळा लायनर फाटलेलं नसतं. कुठेतरी काठ बसलेला असतो किंवा एखादा दगड पाणी अडवून बाजूला ढकलत असतो. काठाखाली माती भरून लायनर उचललं की काम होतं.

पाणी आपोआप भरणारा फ्लोट व्हॉल्व्ह सोयीचा आहे, पण तो पहिल्या दिवसापासून लावू नका. गळती असली तरी तो गुपचूप पाणी भरत राहतो आणि तुम्हाला पत्ताच लागत नाही. पातळी काही आठवडे भरवशाची राहिली, एक-दोन जोराचे पाऊस पडून काठ बसायचे तेवढे बसले, की मगच व्हॉल्व्ह लावा आणि जास्तीचं लायनर कापा.

११. नंतरची निगा

पंप आठवडाभर बंद राहणार असेल तर डोहांतलं पाणी काढून टाका. उष्ण हवेत डासांची अंडी ते डास हा प्रवास सात ते दहा दिवसांत पूर्ण होतो. पाणी ठेवायचंच असेल तर बीटीआय हे जैविक डासनाशक डोहांत आणि टाकीतही टाका, कारण खडीच्या फटींतूनही डास आत शिरतात.

शेवाळं ऊन आणि खत या दोन गोष्टींवर वाढतं. वरच्या वाफ्यांत खत घालताना ओढ्यापासून अंतर राखून घाला, आणि काठाला सावली धरणारी झाडं लावा. पंपपेटीतला पाला दर पंधरवड्याला काढा. पानगळीत त्याहून लवकर. पंपाची जाळी काढून धुवा, आणि आवाज बदललेला वाटला तर आधी टाकीची पातळी बघा.